याकितोरीला दही लावत नाहीत

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘घरच्या घरी जपानी याकितोरी’ अशी पाककृती आली होती. नवापुरात माझं चिकनचं छोटं दुकान आहे. त्या रविवारी अकराच्या सुमारास तीन गिऱ्हाइकं पाठोपाठ आली आणि तिघांचीही मागणी एकच : अर्धा किलो बोनलेस, छातीचंच द्या, तुकडे मोठे करा. एका बाईंच्या हातात पुरवणीचं पान घडी घालून होतं. मी सांगितलं तसं कापून दिलं. बुधवारी त्याच बाई परत आल्या. शाळेत शिक्षिका आहेत, आमच्या जुन्या गिऱ्हाईक. म्हणाल्या, “भाऊ, बाहेरून करपलं आणि आतून भुशासारखं कोरडं झालं. जपानी माणसं हे कसं खातात हो?” त्यांच्या त्या प्रश्नामुळे हे पत्र लिहायला बसलो आहे. लांबलं तर क्षमा करावी, पण शक्य तेवढं पूर्ण छापावं.

पाककृतीत लिहिलं होतं : छातीच्या मांसाला दही, आलं-लसूण, लाल तिखट आणि लिंबू लावून सहा तास ठेवा, सिमला मिरचीबरोबर सळईत ओवा, ओव्हनमध्ये अर्धा तास भाजा, वरून सोया सॉस आणि टोमॅटो सॉस घाला. हा पदार्थ कुणी आवडीने करत असेल तर जरूर करावा. तो एक प्रकारचा टिक्का आहे. पण त्याला याकितोरी म्हणणं बरोबर नाही. याकितोरीला दही लागत नाही, आलं-लसणाची पेस्ट लागत नाही, आणि मांस सहा तास मुरवतही नाहीत. ‘याकि’ म्हणजे भाजलेलं आणि ‘तोरी’ म्हणजे पक्षी. भाजलेला पक्षी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मीठ किंवा एक गोडसर-खारट पाक, बांबूची काडी आणि निखारा. बाकी सगळं कापणाऱ्याच्या आणि भाजणाऱ्याच्या हातात असतं.

हे मी कुठे वाचून सांगत नाही. माझी मुलगी तीन वर्षांपासून जपानमध्ये नागोया शहरात आहे. वृद्धांची काळजी घेण्याचं काम करते. पुण्यात राहून भाषा शिकली, परीक्षा दिली आणि गेली. तिच्या खोलीजवळच्या गल्लीत दारावर लाल कागदी कंदील टांगलेलं एक दुकान आहे. आत आठ-दहा माणसं बसतील एवढीच जागा. कामावरून येताना ती तिथे थांबायची. पहिल्या वर्षी तिने मला फोन करून विचारलं, “आबा, पोट्याला वेगळी काडी लावतात, तुम्हाला पटेल का?” तेव्हापासून आमच्या फोनवर तब्येत आणि पगार याच्यानंतर तिसरा विषय कोंबडीचा असतो. गेल्या दिवाळीनंतर ती महिनाभराच्या सुट्टीवर आली आणि आम्ही अंगणात आठ वेळा याकितोरी केली. आठ वेळा हे मोजून सांगतो, कारण पहिल्या तीन वेळा नीट जमली नव्हती.

मला सर्वांत आधी जे कळलं ते दुकानदार म्हणून कळलं. जपानी दुकानात ‘चिकन द्या’ असं कुणी म्हणत नाही. कोंबडीच्या प्रत्येक भागाला नाव आहे आणि माणसं नावाने मागतात. मांडी ती ‘मोमो’. मांडी आणि कांद्याची पात एकाआड एक ओवली की ‘नेगिमा’. कातडी म्हणजे ‘कावा’. पोटा म्हणजे ‘सुनागिमो’, त्यातल्या ‘सुना’चा अर्थ वाळू, कारण कोंबडी खडे-वाळू गिळून पोट्यातच दाणे दळते. हृदयाला ‘हात्सु’, कलेजीला ‘रेबा’, मानेच्या मांसाला ‘सेसेरी’, पंखांना ‘तेबासाकी’, शेपटाच्या चरबीदार टोकाला ‘बोंजिरी’, कुरकुरीत हाडाला ‘नानकोत्सु’. खिमा मळून काडीवर लावला की ‘त्सुकुने’. ही यादी मुलीने वहीच्या पानावर मराठीत लिहून दिली आणि ती मी दुकानात गल्ल्यामागे चिकटवली आहे.

माझ्याकडे रोज काय होतं ते सांगतो. गिऱ्हाईक कोंबडी घेतं, कातडी पिसांसकट ओढून काढायची, एका झटक्यात निघते, आणि ती ड्रममध्ये जाते. मान बरेच जण नको म्हणतात. पोटा-कलेजी काही घेतात, काही ‘राहू द्या’ म्हणतात. संध्याकाळी तो ड्रम भरलेला असतो. पंधरा वर्षांहून जास्त काळ मी तो ड्रम भरताना पाहतो आहे आणि त्याची सवय मला कधीच झाली नाही.

त्याला कारण आहे. २००६ च्या फेब्रुवारीत देशात पहिल्यांदा कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला तो आमच्या नवापुरात. तेव्हा मी एका अंडी-फार्मच्या शेडमध्ये कामाला होतो. पांढरे अंगरखे घातलेली पथकं आली, खड्डे खणले गेले, कोंबड्या मारून पुरल्या, वर चुना. ज्या पक्ष्यांना मी रोज पहाटे पाणी घालायचो ते त्या खड्ड्यात गेले. शेडमधला कलकलाट थांबला तेव्हा त्या शांततेत आम्हाला कामगारांना झोप लागत नव्हती. रोग पसरू नये म्हणून ते करणं भाग होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मग मी सुरतेला गेलो, परत आलो, दुकान टाकलं. २०२१ सालीही फेब्रुवारीतच तो रोग पुन्हा आला आणि शेडं पुन्हा रिकामी झाली. ज्याने एवढे पक्षी मातीत जाताना पाहिले त्याला कातडी ड्रममध्ये टाकताना काय वाटतं, ते मी सांगायला नको. म्हणून मुलीने जेव्हा सांगितलं की तिथे कातडीची काडी मांडीच्या बरोबरीने मागतात, तेव्हा मी उठून बसलो.

आता पाककृतीकडे येतो, कारण माझं खरं सांगणं तिथे आहे.

छातीचं मांस नको, मांडीचं घ्या, आणि कातडीसकट घ्या. मांडीत चरबी असते, कातडीखाली जास्त असते. ती निखाऱ्यावर वितळते आणि मांसाला आपोआप चोपडली जाते. छातीत चरबी जवळजवळ नसतेच. तिचे मोठे तुकडे अर्धा तास भाजले तर कोरडे होणारच, दही लावा नाहीतर तूप लावा. जपानमध्ये छातीतली आतली नाजूक पट्टी भाजतात, तिला ‘सासामी’ म्हणतात, पण तो तयार हाताचा खेळ आहे. घरी सुरुवात मांडीने करावी.

इथे एक अडचण आहे आणि ती पाककृतीत कुणी लिहीत नाही. आपल्याकडे कातडीसकट कोंबडी सहज मिळत नाही, कारण आम्ही दुकानदार पिसं उपटतच नाही. सोलणं सोपं, त्यात वेळ वाचतो. कातडी ठेवायची तर पक्षी साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात मिनिटभर किंवा थोडा जास्त बुडवून पिसं उपटावी लागतात. पाणी उकळतं असेल तर कातडी शिजून फाटते, कोमट असेल तर पिसं निघत नाहीत. म्हणून आपल्या चिकनवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. रविवारी, बुधवारी, शुक्रवारी गर्दीत हे कुणी करून देणार नाही. सोमवारी किंवा गुरुवारी, जेव्हा खाणारे कमी असतात, तेव्हा सांगितलं तर आनंदाने करून देईल. मी तरी देतो. गावरान कोंबडी यासाठी घेऊ नका. तिचा रस्सा चांगला, पण काडीवर दहा मिनिटांत ती शिजत नाही. जपानमध्ये याकितोरीसाठी ‘जिदोरी’ म्हणजे त्यांच्या देशी वाणांच्या कोंबड्या नावाजलेल्या आहेत आणि मुलीच्या गावची ‘नागोया कोचीन’ त्यात मोठी. (या कोचीनचा केरळशी संबंध नाही. ती चीनमधून आलेल्या कोचीन जातीचा संकर आहे.) पण त्या पक्ष्यांना मांसासाठीच वाढवलेलं असतं. आपल्या अंगणात फिरून घट्ट झालेली दोन वर्षांची कोंबडी त्यांच्या जागी चालत नाही. आपली साधी बॉयलर यासाठी चांगली आहे आणि ते सांगताना मला संकोच वाटत नाही.

नुकतीच कापलेली कोंबडी लगेच भाजू नये. कापल्यावर काही तास मांस ताठर असतं. सकाळी आणलेली कोंबडी झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि संध्याकाळी वापरा. नळाखाली धूत बसू नका, त्याने कच्च्या मांसाचे शिंतोडे ओट्यावर आणि भांड्यांवर उडतात आणि मांस ओलं राहतं. ओलं मांस आधी वाफेवर शिजतं, भाजलं जात नाही. स्वच्छ कापडाने किंवा कागदाने टिपून घ्या.

हाड काढायला मांडीच्या आतल्या बाजूने हाडाच्या रेषेवर सुरीचं टोक फिरवायचं, मांस दोन्हीकडे खरवडत उघडायचं आणि हाड उचलून घ्यायचं. हाडं फेकू नका, पुढे लागणार आहेत. मग साधारण एक इंचाचे तुकडे करायचे. दोन किलो वजनाच्या पक्ष्याच्या दोन तंगड्यांत माझ्या हाताने सात-आठ काड्या होतात.

ओवण्याबद्दल जपानी स्वयंपाक्यांमध्ये एक म्हण आहे, ओवायला तीन वर्षं आणि भाजायला जन्म. पहिल्यांदा मुलीने हे सांगितलं तेव्हा मला ते जास्तीचं वाटलं. काडीत मांस घालायला तीन वर्षं कशाला? पण पहिल्या संध्याकाळी माझ्या काड्यांवरचे तुकडे गरगर फिरत होते. काडी उलटवली की काडी फिरायची आणि मांस तसंच राहायचं, एक बाजू काळी आणि दुसरी कच्ची. मुलीने दाखवलं : मांसाचा धागा ज्या दिशेने जातो त्याला आडवी काडी घालायची, तुकड्याच्या मधोमध, आणि तुकडे एकमेकांना घट्ट चिकटवायचे. फट राहिली की तिथे काडी जळते. हाताकडचे तुकडे लहान आणि टोकाकडचे मोठे, कारण टोक विस्तवाच्या मध्यावर असतं. कांद्याची पात मांसापेक्षा किंचित बारीक कापायची, म्हणजे विस्तव मांसालाही लागतो. पातीचा जाडसर पांढरा भाग घ्या. जपानी ‘नेगी’ आपल्या पातीपेक्षा पुष्कळ जाड असते. आपल्याकडे थंडीत बाजारात येणारा पातीचा कांदा यासाठी पुरतो, दोन-दोन तुकडे शेजारी लावले की झालं. सिमला मिरची नको असं माझं स्पष्ट मत आहे. तिचं पाणी सुटतं आणि तिचा वास सगळ्यावर बसतो.

काड्या विकत आणायची गरज आम्हाला पडली नाही. आमच्या भागात टोपल्या आणि सुपं विणणारे कारागीर आहेत. त्यांच्याकडून कामट्या आणल्या, सहा इंचांच्या कापल्या, टोकं तासली आणि तासभर पाण्यात भिजवल्या.

आता विस्तव. इथे आमच्या खान्देशी माणसाला सवय आहे आणि तीच सवय नडते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. आपण वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतो. जळगावकडची मोठी हिरवी वांगी, काड्यांचा भडका, साल काळी, आतून लोणी. पहिल्या दिवशी मी याकितोरीसाठीही कपाशीच्या काड्याच पेटवल्या. भडका उठला, मांसाला काजळी धरली आणि पाच-सात मिनिटांत विस्तव राख झाला. वांग्याला जाड साल असते, तिच्या आत ते शिजतं. मांसाला तसं काही झाकण नाही. याकितोरीला ज्वाळ नको, धूर नको, नुसती धग हवी, आणि ती शेवटपर्यंत एकसारखी हवी. म्हणून तिथे ‘बिंचोतान’ नावाचा कोळसा वापरतात. तो ‘उबामे’ नावाच्या ओक जातीच्या झाडाचा असतो आणि वाकायामा भागातला सर्वांत नावाजलेला. इतका घट्ट की दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा आवाज येतो. पेटायला वेळ घेतो, पण पेटल्यावर तासन्‌तास जळतो आणि धूर जवळजवळ करत नाही. तो मागवण्याच्या भानगडीत पडू नका. इस्त्रीवाले वापरतात तो बाभळीचा कोळसा आणा, मोठे तुकडे निवडा, पेटवून वर पांढरी राख धरेपर्यंत थांबा. थांबा हा शब्द महत्त्वाचा आहे. काळा कोळसा दिसतो आहे तोवर मांस ठेवायचं नाही.

जाळीही नको. जाळीला मांस चिकटतं आणि उलटवताना फाटतं. कोरड्या विटांच्या दोन समांतर ओळी, मध्ये निखारे, आणि विटांवर चार-साडेचार इंचांच्या अंतराने दोन लोखंडी सळया. काडीची दोन्ही टोकं सळयांवर, मांस मध्ये अधांतरी. हाताकडचं टोक विस्तवाच्या बाहेर. तिथल्या दुकानातही लांबट, अरुंद शेगडीवर असंच असतं आणि भाजणाऱ्याच्या दुसऱ्या हातात पंखा असतो. आमच्याकडे पंख्याऐवजी धान्य पाखडायचं सूप होतं. चरबी गळून ज्वाळ उठली की काडी बाजूला सरकवायची, राख उडेल असा जोराचा वारा घालायचा नाही.

हे अंगणात किंवा गच्चीवरच करा. स्वयंपाकघरात, बंद खोलीत, खिडकी उघडी आहे म्हणून बाल्कनीच्या दारात कोळशाची शेगडी ठेवू नका. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतच माणसं जातात. आपल्या पुरवणीत ‘ओव्हन नसेल तर घरातच कोळशावर भाजा’ अशी एक ओळ होती. त्या एका ओळीची दुरुस्ती तरी कृपया ठळक छापावी. अंगण नसेल तर गॅसवर बिडाच्या तव्यात भाजा. जपानमध्येही इमाबारी गावाची याकितोरी लोखंडी तव्यावरच होते, तेव्हा त्यात कमीपणा नाही.

भाजताना पहिली काडी मिठाची करा. खडे मीठ थोडं कुटून, हात उंच धरून भुरभुरवलं की सगळीकडे सारखं पडतं. दर मिनिटाला-दोन मिनिटांना उलटत राहायचं. मांडीची काडी आमच्या विस्तवावर दहा-बारा मिनिटं घेते. सर्वांत मोठा तुकडा कापून बघायचा, आत गुलाबी दिसला तर परत ठेवायचा. थर्मामीटर असेल तर ७४ अंश. नीट शिजलेल्या मांसात बर्ड फ्लूचा विषाणू जगत नाही, हे आम्ही नवापूरकर २००६ पासून गिऱ्हाइकांना सांगत आलो आहोत. जपानच्या दक्षिणेत कागोशिमा, मियाझाकी भागात कोंबडी जवळजवळ कच्ची खातात, त्याची चित्रं मोबाईलवर दिसतात. ती बघून कुणी आपल्या घरी तसं करू नये.

दुसरा प्रकार पाकाचा, त्याला ‘तारे’ म्हणतात. मूळ तारेत सोया सॉस, साखर, ‘साके’ ही तांदळाची दारू आणि ‘मिरिन’ हे तांदळाचंच गोड मद्य असतं. आमच्या घरात दारू येत नाही, म्हणून मुलीने एक वाटी सोया सॉस, एक वाटी पाणी, अर्धी वाटी चिरलेला गूळ, आल्याचे दोन काप, पातीचे हिरवे तुकडे आणि निखाऱ्यावर लाल भाजलेली तंगडीची हाडं असं मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं उकळलं आणि गाळलं. मूळ चवीहून हे वेगळं आहे, ती स्वतःच म्हणाली. मिरिनची चकाकी गुळाने येत नाही. पण चव चांगली आहे. सोया सॉस घेताना बाटलीवर बघा : सोयाबीन, गहू, मीठ, पाणी असं लिहिलेलं घ्या. चायनीजच्या गाडीवर असतो तो काळा, रंग घातलेला सॉस आटवला की कडू आणि खारट होतो.

तारे आधी लावायची नाही. ही चूक सगळे करतात, आम्हीही केली. साखर-गूळ मांसाच्या आधी जळतो. काडी कोरडीच भाजायची, जवळजवळ शिजली की तारेत बुडवायची, पुन्हा विस्तवावर, पुन्हा बुडवायची, असं दोन-तीन वेळा. शेवटी वरचा थर बुडबुडतो, वास सुटतो, तेव्हा उचलायची. जपानमधली जुनी दुकानं तीच तारे वर्षानुवर्षं ठेवतात, कमी झाली की नवी भर घालतात. घरी तेवढं करू नका. काड्या बुडवलेली तारे त्याच दिवशी खळखळून उकळा किंवा टाकून द्या, आणि ताटात वाढायची तारे आधीच वेगळी काढून ठेवा. कच्ची काडी तारेत कधीच बुडवायची नाही.

कातडीची काडी सर्वांत कष्टाची आणि माझ्या मते सर्वांत चांगली. कातडी उकळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं घालून काढायची, पट्ट्या कापायच्या, चुणीदार घड्या घालून ओवायच्या आणि निखाऱ्याच्या कडेला, मंद धगीवर, वीस मिनिटं. चरबी गळून जाते आणि कुरकुरीत होते. पोट्याची पांढरी चिवट साल काढून टाकायची, नुसतं मीठ. कलेजी तारेतली, पण पूर्ण शिजवून.

वर भुरभुरवायला तिथे ‘शिचिमि’ असते, सात जिन्नसांची पूड : लाल मिरची, तीळ, संत्र्याची साल, ‘सान्शो’ वगैरे. सान्शो हे आपल्या कोकणातल्या तिरफळाच्या कुळातलं. आमच्याकडे ते नव्हतं, म्हणून मी भाजलेले तीळ, वाळलेली लाल मिरची आणि उन्हात वाळवलेली संत्र्याची साल एकत्र कुटली. काळा मसाला मात्र घालू नका. तो आपला जीव आहे, रश्शाला तोच हवा, पण या मांसावर तो बसला की मांसाची चव राहत नाही. माझे साडू धुळ्याहून आले होते. पहिली काडी खाऊन त्यांनी विचारलं, “मसाला कुठे?” मी त्यांना दुसरी दिली, मग पोट्याची, मग कातडीची. चौथ्या काडीला त्यांनी ठेच्याची वाटी स्वतःच बाजूला सरकवली.

माझी आई साक्री तालुक्यातली. वय ऐंशीच्या पुढे, दात थोडे. तिच्यासाठी त्सुकुने केले होते : मांडीचा खिमा, मीठ घालून चिकट होईपर्यंत मळलेला, बारीक चिरलेली पात, छोटे गोळे. तिने विस्तवापाशी बसून सूप हातात घेतलं आणि कुणाला देईना. खाऊन झाल्यावर म्हणाली, “हाई ते आपला भरीतना भाऊ शे.” मुलीने ते जपानीत करून त्या गल्लीतल्या दुकानदाराला सांगायचं ठरवलं. परत गेल्यावर तिने सांगितलंही. त्याने भरीत म्हणजे काय ते विचारलं, आणि तिने मोबाईलवर कपाशीच्या काड्यांवर जळणारी वांगी दाखवली. तो बराच वेळ ते चित्र बघत होता म्हणे.

आपल्या पुरवणीबद्दल मला आदर आहे. आमच्या घरी ती वीस वर्षं येते आणि बायको तिच्यातल्या पाककृती कापून ठेवते. म्हणूनच विनंती करतो. परदेशी पदार्थ छापा, जरूर छापा, पण तो कसा होतो हे ज्याने बघितलं आहे त्याला विचारून छापा. ज्या आई-बहिणी पान घडी घालून दुकानात येतात त्या शब्दावर विश्वास ठेवून पैसे खर्च करतात. एक सांगायचं राहिलं : १० ऑगस्ट हा जपानमध्ये याकितोरीचा दिवस मानतात, कारण आठचा ‘या’ आणि दहाचा ‘तो’ असे उच्चार ‘याकितोरी’ या शब्दात येतात. पण आपल्याकडे तेव्हा पाऊस असतो आणि बऱ्याच घरांत श्रावण पाळतात. दुरुस्त पाककृती छापायची तर आताच, पातीचा कांदा बाजारात आहे तोवर छापा.

त्या शिक्षिका बाईंना मी काल निरोप पाठवला आहे. सोमवारी त्यांच्यासाठी एक पक्षी पिसं उपटून, कातडीसकट, मांडीचं हाड काढून ठेवतो. हाडं वेगळ्या पिशवीत देईन. काड्याही देईन. कोळसा आणि पात तेवढी त्यांनी आणावी.

आपला नम्र,
एक चिकन दुकानदार
नवापूर, जि. नंदुरबार